पहिलं पुस्तक कुठलं घेऊ?
हौशी गुप्तहेर बायकांच्या रहस्यमालिका वाचायला घेणाऱ्यांसाठी

‘मालिकेतलं पहिलं पुस्तक मिळालं नाही, चौथ्यापासून सुरू केलं तर चालेल का?’ ‘मराठी अनुवाद घेऊ की इंग्रजीच?’ ‘मैत्रिणीनं खुनी कोण ते सांगून टाकलं, आता वाचण्यात काय अर्थ?’ उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातले वाचक, त्यातही रोज लोकलनं मुंबई गाठणाऱ्या वाचक बायका, हे प्रश्न फिरून फिरून विचारतात. विचारणाऱ्यांची चूक नाही. आपल्यातले बरेच जण रहस्यकथेवर वाढले ते बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय, काळापहाड आणि झुंजारवर, नाहीतर सुहास शिरवळकरांच्या मंदार पटवर्धन आणि फिरोज इराणीवर. वाचनालयाच्या गठ्ठ्यातून हाताला येईल ते उचलावं, रात्रीत संपवावं आणि सकाळी बदलून आणावं, अशी ती पुस्तकं होती. क्रम कुणी विचारायचा नाही. शिवाय मालिका पुरुषाच्या नावावर. झुंजारबरोबर विजया असायची, पण पुस्तक झुंजारचंच.

आता तुम्ही ज्या मालिकांबद्दल विचारता, त्यांतली बाई ना पोलिसांत आहे, ना तिला कुणी तपासाची फी देतं. ती म्हातारी शेजारीण असते, वकील असते, डॉक्टरची बायको असते आणि खून तिच्या वाटेत येतो. या पुस्तकांना गठ्ठ्यातून उचलण्याची जुनी सवय पूर्ण लागू पडत नाही. कुठे पडते आणि कुठे नाही, ते बघू.

आधी ठरवा: खुनासाठी वाचणार की बाईसाठी?

अशा प्रत्येक मालिकेत दोन गोष्टी चालू असतात. एक, त्या पुस्तकापुरता गुन्हा. तो त्याच पुस्तकात सुरू होतो आणि तिथंच संपतो. दुसरी, तपास करणाऱ्या बाईचं आयुष्य: तिचं वय, लग्न, घरची माणसं, गावात तिला मिळणारा मान किंवा न मिळणारा मान. हे पुस्तकागणिक पुढे सरकतं.

गुन्हा कुठल्याही क्रमानं वाचता येतो. आयुष्य तसं वाचता येत नाही. तेव्हा ‘मधूनच सुरू केलं तर चालेल का’ याचं उत्तर मालिकेत कुठली बाजू भारी आहे यावर ठरतं. ॲगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलमध्ये गुन्हा भारी, म्हणून मधून शिरता येतं. सुजाता मॅसीच्या परवीन मिस्त्रीमध्ये परवीनचं आयुष्य तितकंच भारी, म्हणून तिथं पहिलंच पुस्तक हवं. दुकानात उभ्या उभ्या हे ओळखायचं असेल तर पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर वाचा. त्यात फक्त प्रेताचा उल्लेख असेल तर बिनधास्त घ्या. ‘मागच्या प्रकरणातून सावरत असताना’ अशा अर्थाचं काही दिसलं तर ते पुस्तक ठेवून आधीचं शोधा.

कुणी काय घ्यावं

रोजचा प्रवास आणि इंग्रजी जेमतेम: मिस मार्पल. सेंट मेरी मीड या इंग्लंडमधल्या काल्पनिक खेड्यात राहणारी, विणकाम करणारी ही अविवाहित वृद्धा १९२७ साली एका कथेत पहिल्यांदा आली. तिच्या नावावर बारा कादंबऱ्या आणि वीस कथा आहेत. पहिली कादंबरी ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’ १९३०ची. तरीही माझं मत विचाराल तर तिथून सुरू करू नका. त्या पुस्तकात मिस मार्पल जरा खवचट वाटते आणि गावातली माणसं एकदम अंगावर येतात. ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ (१९५७) घ्या.

हे पुस्तक आपल्या लाइनवरच्या माणसाला सांगावंच लागत नाही. एक बाई गाडीत बसली आहे. शेजारच्या रुळावरून त्याच दिशेनं दुसरी गाडी येते, दोन्ही काही क्षण बरोबरीनं धावतात, समोरच्या डब्याच्या खिडकीवरचा पडदा वर उडतो आणि पाठमोरा पुरुष एका बाईचा गळा आवळताना दिसतो. मग ती गाडी पुढे निघून जाते. प्रेत कुठेच सापडत नाही, मिस मार्पलशिवाय कुणी विश्वास ठेवत नाही. कल्याण सोडल्यावर तुमची स्लो आणि शेजारची फास्ट अशीच बरोबरीनं धावताना समोरच्या डब्यातले चेहरे तुम्ही किती वेळा बघितले असतील! मिस मार्पल पुढे जे करते तेही आपल्या ओळखीचं आहे: ती टाइमटेबल काढते, त्याच मार्गानं स्वतः प्रवास करते आणि गाडी कुठे हळू होते ते बघून ठेवते.

प्रवास छोटा, नाहीतर सलग वेळ मिळत नाही: मिस मार्पलच्याच तेरा कथांचा ‘द थर्टीन प्रॉब्लेम्स’ (१९३२) हा संग्रह. एका बैठकीत एक कथा संपते. अंबरनाथहून ठाण्यापर्यंत जाणाऱ्यांना हा माप घेऊन शिवल्यासारखा बसतो.

आपल्या मातीतलं हवं: सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री. काळ १९२१, गाव मुंबई. परवीन पारशी आहे, वडिलांच्या पेढीत वकिली करते. स्त्रियांना वकिलीचं दार कायद्यानं उघडलं ते १९२३ साली. त्यामुळे परवीन कोर्टात उभी राहू शकत नाही, कागदपत्रं मात्र बघू शकते. मलबार हिलवरच्या एका घरात पडदा पाळणाऱ्या तीन विधवा आहेत, परक्या पुरुषाला आत प्रवेश नाही, पोलिसांनाही नाही. आत जाऊ शकते ती फक्त परवीन. हे पात्र रचताना लेखिकेसमोर खरी माणसं होती. त्यांतल्या एक कॉर्नेलिया सोराबजी. त्यांचा जन्म १८६६ सालचा, नाशिकचा. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि पुढे पडद्यातल्या स्त्रियांच्या मालमत्तेसाठी झगडलेल्या. दुसऱ्या पुस्तकात, ‘द सातापूर मूनस्टोन’मध्ये, परवीन सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात जाते. पावसाळी डोंगर, निसरड्या वाटा, राजवाड्यातल्या दोन राण्या. मलंगगडाकडे किंवा माथेरानच्या रांगेकडे रोज बघणाऱ्यांना हे वातावरण समजावून सांगावं लागणार नाही.

मुंबईच पाहिजे, पण आजची: कल्पना स्वामिनाथन यांची लल्ली. ती हौशी नाही, निवृत्त पोलीस अधिकारी आहे, तेव्हा या यादीत ती नियमाला अपवाद म्हणून. विलेपार्ल्यात राहते, तिची भाची सीता गोष्ट सांगते. लेखिका स्वतः शल्यचिकित्सक आहेत आणि ते पुस्तकात जाणवतं. इंग्रजी मात्र जड आहे. पहिल्याच पुस्तकाला हे घेऊ नका.

पुण्याची ओढ असेल तर: मंजिरी प्रभू यांची सोनिया समर्थ. ‘द कॉस्मिक क्लूज’ (२००४) आणि ‘द ॲस्ट्रल अलिबाय’ (२००६). सोनियाही हौशी नाही, पुण्यात तपाससंस्था चालवते आणि पत्रिका मांडून माणसं ओळखते. पत्रिकेवर विश्वास नसेल तरी हरकत नाही, पण तो नसल्याची चिडचिड होणार असेल तर दुसरं घ्या.

हलकंफुलकं हवं: हरिणी नगेंद्र यांची ‘द बँगलोर डिटेक्टिव्हज क्लब’ (२०२२) ही मालिका. १९२१चं बंगळूर, डॉक्टरची तरुण बायको कावेरी. नवरा अडवत नाही, हे त्या काळाच्या मानानं जरा जास्तच गोड आहे. पण दिवसभर ऑफिसात डोकं पिकल्यावर ते चालून जातं.

मराठीतच मुळातून लिहिलेली अशी लांब मालिका सांगा, असंही तुम्ही विचारता. अर्नाळकर किंवा शिरवळकर जसे हाताला येतात, तशी ती पटकन येत नाही. त्याऐवजी खऱ्या बाईबद्दल वाचायचं असेल तर रजनी पंडित यांच्या मुलाखती आणि त्यांनी स्वतःच्या अनुभवांवर लिहिलेली पुस्तकं मिळवा. रुपारेल महाविद्यालयात मराठी साहित्य शिकलेल्या रजनीताईंनी १९९१ साली मुंबईत स्वतःची तपाससंस्था काढली. त्याच्या आधीची सुरुवात मात्र हौशीच होती. नोकरीच्या ठिकाणी एका सहकारी बाईच्या घरी चोरी झाली, तिचा संशय नव्या सुनेवर होता. रजनीताईंनी पाळत ठेवली तेव्हा चोर घरचाच मुलगा निघाला. एका खुनाच्या प्रकरणात त्या मोलकरीण म्हणून घरात राहिल्याचंही त्यांनी सांगितलं आहे. ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’मध्ये मिस मार्पल नेमकं हेच करते, स्वतःऐवजी घरकामात तरबेज अशा एका तरुणीला संशयिताच्या घरी कामाला पाठवते. दोन्ही एकापाठोपाठ वाचून बघा.

क्रमाचा घोळ

मिस मार्पल मधून सुरू केली तर चालते, असं वर म्हटलं. त्याला तीन अपवाद आहेत:

- ‘अ कॅरिबियन मिस्ट्री’ (१९६४) वाचल्याशिवाय ‘नेमेसिस’ (१९७१) घेऊ नका. दुसऱ्यातलं सगळं प्रकरण पहिल्यात भेटलेल्या एका माणसामुळे सुरू होतं.
- ‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’ (१९६२) वाचण्याआधी ‘द बॉडी इन द लायब्ररी’ (१९४२) वाचलेलं बरं. घर तेच आहे आणि मधल्या वीस वर्षांत गाव कसं बदललं ते कळतं.
- ‘स्लीपिंग मर्डर’ लेखिकेच्या मृत्यूनंतर १९७६ साली छापलं गेलं, म्हणून दुकानदार त्याला ‘शेवटचं’ म्हणून देतात. लिहिलेलं ते खूप आधीचं, युद्धकाळातलं. त्यामुळे आधी वारलेले एक गृहस्थ त्यात धडधाकट दिसतात. ते छापण्याची चूक समजू नका.

‘द मूव्हिंग फिंगर’ घेतलंत तर मिस मार्पलची वाट बघत बसू नका. ती बऱ्याच उशिरा येते, आणि अर्धं पुस्तक झाल्यावर ‘चुकीचं पुस्तक घेतलं का’ असं वाटणं साहजिक आहे. नाही घेतलं, वाचत राहा.

परवीन मिस्त्रीचा क्रम सरळ आहे: ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’ (२०१८), ‘द सातापूर मूनस्टोन’ (२०१९), ‘द बॉम्बे प्रिन्स’ (२०२१), ‘द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाउस’ (२०२३). पहिल्यात १९२१ आणि काही वर्षांपूर्वीचं कलकत्ता असे दोन काळ आलटून पालटून येतात. प्रकरणाच्या माथ्यावरचं साल न वाचता पुढे गेलात की गोंधळ नक्की.

एकच पुस्तक दोनदा विकत घेऊ नका

हा खड्डा पैशाचा आहे. इंग्लंड आणि अमेरिकेत एकच पुस्तक वेगवेगळ्या नावानं निघतं आणि आपल्याकडे दोन्ही प्रती फिरत असतात. ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ अमेरिकेत ‘व्हॉट मिसेस मॅकगिलिकडी सॉ!’ झालं. ‘द थर्टीन प्रॉब्लेम्स’चं ‘द ट्यूसडे क्लब मर्डर्स’ झालं, ‘दे डू इट विथ मिरर्स’चं ‘मर्डर विथ मिरर्स’. ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’ हेच अमेरिकेत ‘द विडोज ऑफ मलबार हिल’. नाव नवं दिसलं की पहिल्या प्रकरणाची दोन पानं चाळा. मराठी अनुवादात हा घोळ आणखी वाढतो, कारण अनुवादक नाव पूर्ण बदलतो. तिथं मुखपृष्ठ सोडून द्या, आतलं पान उघडा: प्रकाशनाचा तपशील असतो तिथं मूळ पुस्तकाचं नाव छापलेलं असायला हवं. नसेल तर अनुवाद कितपत जबाबदारीनं केला असेल, तेही तिथंच कळलं.

मराठीत की इंग्रजीत?

ॲगाथा ख्रिस्तीचे मराठी अनुवाद आहेत. अभिनेते मधुकर तोरडमल यांनीही ते केले, आणि नाटकवाल्याचा कान असल्यानं संवाद बोलायला बसतात. पण हौशी गुप्तहेर बाईच्या पुस्तकात सुगावा बहुतेक वेळा कुणाच्या तरी बोलण्याच्या ढबीत असतो. कुणी ‘ती म्हणाली’ म्हटलं की ‘तो म्हणाला’, कुणी कुणाला कुठल्या नावानं हाक मारली, यावर निकाल फिरतो. अनुवादात हे निसटू शकतं. संक्षिप्त आवृत्तीत तर निसटतंच. म्हणून नियम साधा ठेवा: ‘संक्षिप्त’ किंवा ‘रूपांतर’ असं लिहिलेलं रहस्यपुस्तक घेऊ नका, ‘अनुवाद’ घ्या.

दहावीपर्यंतचं इंग्रजी असेल तर ख्रिस्ती मुळातून वाचता येते. वाक्यं छोटी, संवाद भरपूर. पहिली तीस पानं अडखळायला होईल ती भाषेमुळे कमी आणि नावांमुळे जास्त. त्यावरचा उपाय पुढे आहे.

वाचायचं कसं

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त तक्रारी याबद्दल आहेत: ‘कंटाळवाणं आहे, नुसत्या गप्पा चालल्यात.’

बरोबर आहे. गप्पाच आहेत, आणि सगळं त्यातच आहे. पिस्तूल, पाठलाग, तळघर यांवर वाढलेला वाचक चहाच्या टेबलावरची बडबड गाळून पुढे जातो आणि शेवटी म्हणतो, लेखिकेनं फसवलं. लेखिकेनं सगळं पानावर मांडलेलं असतं, तुम्ही ते ओलांडून गेलात. या बायकांकडे वर्दी नाही, झडतीचा अधिकार नाही. त्यांच्याकडे एकच सोय आहे: त्यांच्यासमोर लोक सावध राहत नाहीत. मोलकरीण काय म्हणाली, दूधवाला कधी आला, कुणी नवे पडदे लावले, कुणाचं बिल थकलंय, हे त्यांच्या कानावर पडतं. चाळीत किंवा सोसायटीत वाढलेल्या कुणाला हे नवीन नाही. भाजी निवडता निवडता अख्ख्या मजल्याची खबर ठेवणारी एक काकू प्रत्येक इमारतीत असते. तिच्या कानांनी वाचा.

प्रत्यक्षात इतकं करा:

नावांचा कागद. खूण म्हणून पुस्तकात जो कागद ठेवता त्यावरच नावं लिहा. नाव, नातं आणि एक खूण (‘लंगडतो’, ‘कर्जात’, ‘कुत्रा’). इंग्रजी खेड्यात एकाच माणसाला कुणी पहिल्या नावानं हाक मारतं, कुणी आडनावानं, कुणी हुद्द्यानं. तीन माणसं वाटतात ती एकच निघतात.

पाहिलं की ऐकलं? हे सगळ्यात महत्त्वाचं. तपास करणाऱ्या बाईनं स्वतः पाहिलेली गोष्ट आणि तिला कुणीतरी सांगितलेली गोष्ट वेगळ्या ठेवा. ‘मी साडेआठला फोन केला’ असं पात्र म्हणालं आणि सगळ्यांनी मान डोलावली, की वाचकही मान डोलावतो. तो फोन दुसऱ्या कुणी घेतल्याचं पुस्तकात आहे का? नसेल तर कागदावर प्रश्नचिन्ह टाका. शेवटी अशी प्रश्नचिन्हं तपासून पाहा, निम्मा खेळ तिथंच असतो.

अंदाज लिहून ठेवा. बहुतेक पुस्तकांत एक जागा येते जिथं बाईला उत्तर कळतं, पण ती सांगत नाही. कुणाचं तरी साधं वाक्य ऐकून ती गप्प होते किंवा फोन करायला उठते. तिथं पुस्तक मिटा. नाव लिहा, कारण लिहा. मग पुढे जा. नुसतं मनात धरलेलं नाव शेवटी आपोआप बरोबर ठरतं, म्हणून लिहिणं गरजेचं.

प्रस्तावना शेवटी. नव्या आवृत्त्यांना थोर लेखकांच्या प्रस्तावना असतात आणि थोर लेखक शेवट सांगून मोकळे होतात. मोबाइलवर पात्राचं नाव शोधणंही टाळा, शोधता शोधता पहिल्याच ओळीत खुनी दिसतो.

आणि मैत्रिणीनं खुनी सांगून टाकला असेल तर? वाचाच. खुनी माहीत असताना लेखिका त्याला तुमच्या डोळ्यांसमोर कसं लपवते ते बघता येतं. काही चांगल्या वाचक बायका मुद्दाम तसंच वाचतात.

गाडीतल्या वाचनाबद्दल एक-दोन गोष्टी. सीएसएमटी ते बदलापूर ६८ किलोमीटर आहे, बसायला मिळालं तर दोन-तीन प्रकरणं होतात. मिळालं नाही तर खिशाच्या आकाराचं पुस्तक एका हातात धरता येतं, जाडजूड प्रत येत नाही. ऐकायची पुस्तकं उभ्यानं बरी, मात्र त्यात नाव विसरलं की मागं जाऊन बघणं अवघड. पहिलं पुस्तक तरी छापील घ्या. आणि कर्जतची गाडी असेल तर निकालाचं प्रकरण अंबरनाथनंतर उघडू नका. खुनी सापडेल, पण वांगणीला.

पुस्तक मिळवायचं कुठून

विकत घेण्याआधी वाचनालय बघा. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभं केलेलं ‘ग्रंथसखा’ आहे, मराठी पुस्तकांचा मोठा संग्रह. जुने मराठी ग्रंथ आणि नियतकालिकं पाहायची असतील, अभ्यास करायचा असेल, तर ते नाव आधी लक्षात ठेवा. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालापासून आहे. डोंबिवलीची पै फ्रेंड्स लायब्ररी पुस्तकांच्या आदान-प्रदानाचे सोहळे भरवते. वाचून झालेलं द्यायचं आणि दुसरं न्यायचं, मालिका वाचणाऱ्यांसाठी ही सोय सोन्यासारखी.

सभासद होताना हे विचारून घ्या:

- अनामत किती, ती परत मिळते का, आणि पावती वेगळी मिळते का? वर्गणी आणि अनामत एकाच पावतीवर मोघम लिहून घेऊ नका.
- एका वेळी किती पुस्तकं? मालिकेसाठी दोन मिळाली तर एक गाडीत, एक घरी.
- नसलेलं पुस्तक मागवता येतं का? मागणी तोंडी न सांगता लेखी द्या, मालिकेचं नाव आणि क्रमांक लिहून. तीन-चार सभासदांनी मिळून दिली तर खरेदीच्या वेळी वजन पडतं.

जुन्या पुस्तकांसाठी माटुंग्याचं किंग्ज सर्कल आणि फोर्टात फाउंटनजवळचे पदपथ अजून उपयोगी आहेत. रहस्यकथा जुनी घेताना मात्र मुखपृष्ठापेक्षा शेवटची पंधरा पानं बघा: आहेत का, क्रमानं आहेत का. बघताना वाचू नका, नुसते पृष्ठांक मोजा. कुणा उत्साही वाचकानं पहिल्याच प्रकरणात एका नावाखाली रेघ ओढून ‘हाच’ असं लिहिलेलं नाही ना, तेही पाहा. शाई फिकी, पानं वाकडी कापलेली आणि किंमत संशयास्पद कमी असेल तर ती चोरून छापलेली प्रत आहे.

पानं गायब निघाली तर

नव्या पुस्तकात फर्मा उलटा बांधलेला किंवा पानं कोरी निघाली, तर तो सदोष माल आहे. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असलं तरी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. मुदत बिलावर दिली असेल ती, दिली नसेल तर तीस दिवस. म्हणून नवं पुस्तक आणल्या दिवशीच सगळी पानं चाळा आणि बिल त्याच पुस्तकात ठेवा. दुकानदार बधला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. बहुतेक वेळा तिथपर्यंत जावं लागत नाही, दुकानदार प्रकाशकाकडून प्रत बदलून घेतो.

ग्रुपवर आलेली पीडीएफ

‘ॲगाथा ख्रिस्ती आता फ्री झाली’ असा निरोप तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्यात अर्धं खरं आहे. अमेरिकेत १९३० साली प्रसिद्ध झालेली पुस्तकं १ जानेवारी २०२६ला खुली झाली, त्यात मिस मार्पलची पहिली कादंबरी आली. भारतात हिशेब वेगळा: लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. ख्रिस्ती १९७६ साली वारल्या, म्हणजे आपल्याकडे २०३६च्या अखेरपर्यंत. तोवर ती फाइल पुढे ढकलणाऱ्यावरही जबाबदारी येते. आर्थर कॉनन डॉइल १९३० साली वारले, त्यांची मूळ इंग्रजी पुस्तकं भारतात खुली आहेत. पण त्यांच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, हे विसरलं जातं.

विकत घेतलेलं छापील पुस्तक तुम्ही मैत्रिणीला देऊ शकता, रद्दीच्या भावात नाही तर अर्ध्या किमतीत विकूही शकता. ई-पुस्तकात तसं करता येत नाही, तिथं तुम्ही फक्त वाचण्याची परवानगी विकत घेता. मालिका घरात आई, मुलगी, सून अशी फिरणार असेल तर छापील प्रत स्वस्त पडते.

डब्यातल्या ग्रुपनं मिळून वाचायचं असेल तर

भिशी चालते तिथं पुस्तकभिशी सहज चालते. पाच-सहा जणींनी मिळून एका महिन्याला एक पुस्तक, दोन प्रती. शनिवारी-रविवारी प्रत फिरवायची. अट एकच: निकालाच्या आधीचं प्रकरण कुठलं ते एकीनं, शक्यतो आधी वाचलेल्या बाईनं, सांगून ठेवायचं. तिथपर्यंत सगळ्यांचं झालं की चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहून द्यायचं. मग पुढलं वाचायचं. निकालानंतरच्या आठवड्यात चिठ्ठ्या उघडा. जिचा अंदाज बरोबर तिला पुढचं पुस्तक निवडायचा मान. सगळ्यांचा चुकला तर, अशा वेळी फार भांडणं होतात, तीच लेखिका पुन्हा घ्या.

तीन नियम भिंतीवर लिहिण्यासारखे: शेवट बोलायचा नाही, शेवट खुणेनं सांगायचा नाही, आणि ‘तुला कळलंच असेल’ असंही म्हणायचं नाही.

मुलीला वाचायला देताना

नऊ-दहा वर्षांच्या मुलीला थेट मिस मार्पल नको. ती संथ वाटेल. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, अशोक जैन यांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा फेलुदा, आणि इंग्रजी वाचत असेल तर १९३० साली सुरू झालेली नॅन्सी ड्रू, हा रस्ता बरा. पहिली दोन मुलग्यांची आणि पुरुषांची पुस्तकं आहेत हे तिच्या लक्षात येईलच. आलं की नॅन्सी ड्रू पुढे करा.

परवीन मिस्त्री मात्र तेरा-चौदाच्या आत देऊ नका, आणि देण्याआधी स्वतः वाचा. पहिल्या पुस्तकात सासरचा छळ आहे, पाळीच्या दिवसांत सुनेला वेगळ्या खोलीत कोंडून ठेवण्याचा प्रसंग आहे. पुस्तक त्यासाठी वाईट ठरत नाही. उलट त्यावर मुलगी प्रश्न विचारेल, आणि त्या संध्याकाळी तुम्हाला घरी वेळेवर पोचलेलं असायला हवं.